ताई, ते ओमेगावाली टेस्ट होते का तुमच्याकडे?

थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्हच्या खालोखाल सध्या आमच्या सेंटरवर कशाची चौकशी होत असेल तर ती ओमेगा-थ्रीची, म्हणजे मासे-जवसात असते त्या चरबीची, आणि विचारणारे कोण तर नागपूरच्या अंबाझरी तलावाला मॉर्निंग वॉकला जाणारे रिटायर्ड काकाजी, जिममधले पोट्टे, केस गळतात म्हणून हैराण झालेल्या पोरी, आणि ज्यांच्या मुलानं अमेरिकेतून फोनवर सांगितलंय की बाबा एकदा ओमेगा इंडेक्स करूनच घ्या असे आईबाबा. मी मानेवाडा रोडच्या बाजूला छोटंसं कलेक्शन सेंटर चालवते, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे कोणी खाली कमेंटमध्ये येऊन डोस विचारणार नाही. पण रोज सॅम्पल काढून आणि रोज रिपोर्ट हातात देऊन काही गोष्टी दिसतात, त्या लिहून ठेवते.

टेस्ट होते. नागपुरात ब्लड काढतो, तपासणी बाहेरगावच्या मोठ्या लॅबमध्ये होते, कारण त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीचं, म्हणजे एकेक फॅट वेगळं करून मोजणारं मशीन लागतं, ते आमच्यासारख्यांकडे कुठून येणार. पैसे लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे साध्या कोलेस्टेरॉलच्या टेस्टच्या, कितीतरी पट लागतात, रिपोर्टला आठवडा किंवा जास्त. हे ऐकून निम्मे लोक तिथंच म्हणतात, राहू द्या मग. उरलेल्यांना मी एक प्रश्न विचारते, की आकडा कमी आला तर तुम्ही काय करणार आणि चांगला आला तर काय करणार? दोन्हीला उत्तर सारखंच असेल तर कायले पैसे घालवता. काही लोक याच्यावर चिडतात, धंदा नको का म्हणे तुम्हाला. पाहिजे ना, पण उद्या तेच लोक आठ पानांचा रिपोर्ट घेऊन माझ्याच डोक्याशी बसतात की याचा अर्थ काय, त्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

आता थोडं बायोकेमिस्ट्रीचं, कंटाळा येत असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या. आपलं शरीर भात-पोळीतून स्वतःची चरबी बनवू शकतं, त्यात ते एकदम हुशार आहे, माझ्या पोटाकडे बघून कोणालाही पटेल. पण दोन फॅटी ॲसिड, म्हणजे चरबीचे घटक, अशी आहेत की ती बनवायची एन्झाइमच आपल्याकडे नाहीत, झाडांकडे आहेत. एक लिनोलेइक ॲसिड, ते ओमेगा-सिक्स, आणि दुसरं अल्फा-लिनोलेनिक, ते ओमेगा-थ्री. ती खाण्यातूनच आली पाहिजेत. हे शोधलं 1929 मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात. उंदरांना बाकी सगळं पोटभर दिलं, फक्त फॅट पूर्ण काढून टाकलं, तर उंदरांची वाढ थांबली, शेपटीवर खवले आले, कातडी खराब झाली आणि शेवटी मरायला लागले. मग लिनोलेइक असलेलं तेल थोडंसं दिलं की सुधारायचे. तोपर्यंत फॅट म्हणजे नुसत्या कॅलरीज असंच लोक धरून चालले होते.

तसली खरीखुरी कमतरता माणसात आता फारच कमी दिसते. अगदी कमी दिवसांची जन्मलेली बाळं, आतड्यातून फॅट शोषलंच जात नाही असे पेशंट, किंवा ज्यांना खूप दिवस नुसतं सलाइनमधून पोषण चालू आहे आणि त्यात फॅट नाही असे. त्यांच्यासाठी रिपोर्टमध्ये एक गंमतशीर गोष्ट असते, मीड ॲसिड. शरीराला ही दोन तेलं मिळाली नाहीत की ते हाताशी असलेल्या ओलेइक ॲसिडपासून काहीतरी कामचलाऊ बनवतं, तेच हे. म्हणजे मीड ॲसिड वाढलं तर समजायचं की खरा माल संपला. मीड आणि लिनोलेइकपासून बनणारं ॲराकिडोनिक ॲसिड यांचं गुणोत्तर काढतात, 1960 मध्ये राल्फ होलमन या संशोधकानं 0.4 च्या वर गेलं तर कमतरता असा हिशोब मांडला होता, अजूनही तो आकडा वापरात आहे. पण तर्री-पोह्यावर तेलाचा लाल थर तरंगतोय आणि तरी वरून एक चमचा तर्री और मार म्हणणाऱ्या आपल्या गावात लिनोलेइक ॲसिड कोणाला कमी पडणार हो! त्या दृष्टीनं बहुतेक नागपूरकर ठणठणीत पास.

लोकांना खरं पाहिजे असतं ते दुसरंच. ईपीए आणि डीएचए, मासे आणि समुद्री शेवाळातून मिळणारे लांब साखळीचे ओमेगा-थ्री. 2004 मध्ये विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शाकी या दोन संशोधकांनी ओमेगा-थ्री इंडेक्स नावाचं माप सुचवलं. तांबड्या पेशींच्या आवरणात एकूण जेवढी फॅटी ॲसिड आहेत त्यातले ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के, एवढंच ते. आठच्या वर असेल तर चांगलं, चारच्या खाली असेल तर धोक्याच्या बाजूला, मधलं ते मधलं. हॅरिस साहेबांनी पुढे स्वतःच ही टेस्ट करणारी लॅब काढली, हेही माहीत असू द्या. त्यानं माप खोटं होत नाही, पण कौतुक ऐकताना एक कान उघडा ठेवावा.

तांबड्या पेशीच का, तर ती पेशी साधारण 120 दिवस जगते. त्यामुळे तिच्या आवरणात मागच्या तीन-चार महिन्यांचं खाणं दिसतं, शुगरवाल्यांचं एचबीएवनसी असतं ना, त्याच धर्तीवर. याच्याऐवजी प्लाझ्मामध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यात मोजलं तर गेल्या काही दिवसांत काय खाल्लं ते दिसतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि पॅकेज विकणारे नेमका हाच सांगत नाहीत. एका काकाजींनी कुठूनतरी स्वस्तात करून आणलेला रिपोर्ट दाखवला, ओमेगा-थ्री मस्त, खूश होते. नीट वाचलं तर सॅम्पल टाइप प्लाझ्मा, आणि काकाजी आदल्याच आठवड्यात लेकीकडे मालवणला राहून, रोज दोन टाइम मासे खाऊन आलेले. मी म्हटलं काकाजी, हा तुमचा नाही, मालवणचा रिपोर्ट आहे. हसले, पण फाइलमध्ये लावून ठेवलाच.

सॅम्पलचंही थोडं सांगते, हे कोणी लिहित नाही. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, सीबीसीला वापरतो तीच. भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. मग आइस पॅकच्या डब्यात, आणि डबा लवकरात लवकर कुरियरला. ओमेगा-थ्रीचा स्वभाव असा की त्याला हवा लागली की ते खवट होतं, त्यात रक्तात हिमोग्लोबिनचं लोखंड, ते या खवटपणाला आणखी ढकलतं. तांबड्या पेशी साध्या उणे 20 डिग्रीच्या फ्रीजरमध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या तर आकडा आपोआप खाली येतो, उणे 80 ला ठेवल्या तर टिकतात. आता मे महिन्यातलं नागपूर आठवा, पारा 45 च्या पुढे, पोरगा दुपारी दीडला गाडीवर डबा घेऊन निघालाय, सिग्नलवर हिरव्या नेटखाली सगळे चिकटून उभे. म्हणून उन्हाळ्यात मी या टेस्टचं सॅम्पल सकाळी साडेसातच्या आतच घेते, नंतर आलात तर उद्या या. बोटाला टोचून एक थेंब फिल्टर पेपरवर घेतात ती पद्धतही आहे, त्या कागदाला आधीच अँटिऑक्सिडंट लावलेलं असतं, घरून पाठवायला ते सोपं पडतं. पण पेपर उघडाच गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दोन दिवसांनी आठवण आली तर मग काही खरं नाही.

आता आपल्या इकडचा खरा प्रश्न. जवस.

"ताई, मी तर रोज जवसाची चटणी खातो, माझं ओमेगा-थ्री फुल्ल असणार." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी मनातल्या मनात ते त्यांच्या आधीच म्हणून टाकते. आपल्याकडे जवस काही नवीन नाही, सुपरफूड म्हणून काचेच्या बरणीत विकायला लागायच्या कितीतरी आधीपासून विदर्भात ते पिकतं, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर संशोधन चालतं, मस्कासाथमध्ये पोत्यानं मिळतं. सावजीचं मटण पूर्वी जवसाच्या तेलातच व्हायचं असं जुनी माणसं सांगतात, आणि त्या वासाची आठवण निघाली की आमचे सासरे अजूनही डोळे मिटतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक ॲसिड असतं, कुटलेल्या जवसाचा एक मोठा चमचा खाल्ला तर साधारण दीड ग्रॅम मिळतं, म्हणजे त्याची दिवसाची गरज जवळपास तिथंच भागली. सगळं खरं.

पण इंडेक्समध्ये अल्फा-लिनोलेनिक मोजतच नाहीत. ईपीए आणि डीएचए मोजतात. जवसातल्या त्या छोट्या साखळीची लांब साखळी शरीरानं बनवायची असते, आणि त्या कामात आपण कामचोर. ईपीए थोडं बनतं, शंभरातलं पाच-दहा धरा, डीएचए तर अगदी नावापुरतं, बहुतेक अभ्यासांत एक टक्क्याच्याही खाली. बायकांमध्ये जरा जास्त बनतं, इस्ट्रोजेनमुळे, तेवढी एक गोष्ट आमच्या बाजूनं. त्यात आणखी एक पाचर अशी की ज्या एन्झाइमनं हे काम होतं त्याच एन्झाइमवर ओमेगा-सिक्सचाही हक्क असतो. म्हणजे डब्यात जवसाची चटणी आणि कढईत सूर्यफुलाचं तेल असं असेल तर सूर्यफूल रांगेत पुढे घुसतं, कारण त्याची गर्दीच मोठी. सूर्यफुलात साधारण साठ टक्के लिनोलेइक, ओमेगा-थ्री जवळपास शून्य. करडईत तर लिनोलेइक पंचाहत्तरच्या आसपास. शेंगदाण्यातही ओमेगा-थ्री नाहीच म्हणा. सोयाबीन बरं, त्यात सातेक टक्के अल्फा-लिनोलेनिक आहे, मोहरीच्या तेलात दहाच्या आसपास. म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था एकाच तेलाला चिकटू नका, आलटूनपालटून वापरा असं सांगत असते. आमच्या सासूबाई हे न वाचताच करायच्या, जे तेल स्वस्त असेल ते आणायच्या.

जवस खाऊ नका असं कोणी वाचू नका बाप्पा! फायबर आहे, चव आहे, पोट साफ राहतं. फक्त अख्खं गिळू नका, ते जसंच्या तसं बाहेर पडतं, कुटून खा, आणि थोडं थोडं कुटा. आणि जवसाच्या तेलात भजी तळू नका, ते तेल उष्णता सहन करत नाही, लगेच धुरावतं. कच्चं वरून घ्या, ठेच्यावर, भाकरीवर.

माझा स्वतःचा आकडा सांगते, लॅबवाल्यांना सवलत असते म्हणून केला होता. मी शाकाहारी, जवस रोज, आकडा 3.4. आमचे हे सगळं खाणारे, रविवारी मटण, मध्ये मध्ये अंडी, मंगळवारी बाजारातून कधी रोहू कधी कतला, त्यांचा 4.7. आणि रत्नागिरीला दिलेली माझी मावसबहीण, जिच्या घरी बांगडा आणि तारली म्हणजे आपल्याकडची वांग्याची भाजी, तिचा 7 च्या वर, कॅप्सूल कधी हातात न घेता. तिघांची रक्तं एकाच लॅबला, एकाच पद्धतीनं. तळ्यातले मासे तसे चांगलेच, प्रोटीन छान, भंडारा-गोंदियाकडून ताजे येतात, पण रोहू-कतल्यात बांगडा-तारलीएवढं ईपीए-डीएचए नसतं, ही गोष्ट मासे खाणाऱ्या नागपूरकरांना सांगितली की त्यांना थोडा अपमान वाटतो. आणि मटणाचा तर याच्याशी काही संबंधच नाही, कितीही लाल असू द्या.

मग 3.4 म्हणजे माझं हार्ट खराब का? तर नाही, असं काही हा आकडा सांगत नाही, आणि इथंच सगळ्यांची गाडी घसरते.

रिपोर्टवर लाल अक्षरात हाय रिस्क छापून येतं, ते बघून माणूस हादरतो. हे रिस्क कुठून आलं? लोकांचं रक्त तपासून ठेवलं, मग वर्षानुवर्षं बघितलं की कोण गेलं कोण राहिलं, अशा अभ्यासांमधून. 2021 मध्ये असे 17 अभ्यास एकत्र करून, 42,466 लोकांचा हिशोब छापून आला, त्यात ज्यांच्या रक्तात हे लांब साखळीचे ओमेगा-थ्री सगळ्यात जास्त त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमीवाल्यांपेक्षा 15 ते 18 टक्क्यांनी कमी दिसलं. चांगली गोष्ट आहे. पण अमेरिकेत-युरोपात जो माणूस नियमित मासे खातो तो बऱ्याचदा सिगारेट कमी ओढतो, चालतो जास्त, पैसेही बरे असतात, हे सगळं कितीही आकडेमोड करून वजा केलं तरी थोडं चिकटून राहतंच.

म्हणून मग सरळ प्रयोग केले, अर्ध्यांना कॅप्सूल, अर्ध्यांना नकली. त्यांचा निकाल बघितला की डोकं खाजवायला होतं. 2018 मध्ये व्हायटल नावाच्या ट्रायलचा निकाल आला, 25,871 धडधाकट लोक, रोज एक ग्रॅमची कॅप्सूल, पाच वर्षांच्या आसपास, आणि हार्ट अटॅक-स्ट्रोक-हृदयविकारानं मृत्यू हे सगळं मिळून जे मोजायचं ठरलं होतं त्यात काही खास फरक नाही. त्याच वर्षी डायबेटिसवाल्यांवरच्या असेंड ट्रायलमध्येही नाही. आणि त्याच वर्षी रिड्यूस-इटमध्ये मात्र, ज्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेले होते आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू होतं अशा 8,179 लोकांना शुद्ध ईपीएचं औषध रोज चार ग्रॅम दिलं तर हृदयाच्या घटना 25 टक्क्यांनी कमी! सगळे नाचायला लागले. मग कोणीतरी बोट दाखवलं की नकली कॅप्सूलमध्ये मिनरल ऑइल होतं, त्यानंच त्या गटाचं नुकसान झालं की काय. 2020 मध्ये स्ट्रेंग्थ ट्रायल, 13,078 लोक, ईपीए-डीएचए दोन्ही, तेही चार ग्रॅम, पण नकलीत मक्याचं तेल, तर फायदा शून्य, मध्येच बंद केली. आणि आपल्या टेस्टच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं हे, की नंतर त्याच ट्रायलमधले ज्यांच्या रक्तात लेव्हल सगळ्यात वर गेली होती असे लोक वेगळे काढून बघितले, तर त्यांनाही काही जास्त फायदा नव्हता. म्हणजे आकडा वर गेला, माणूस तिथंच. हे वाचल्यापासून मी आकडा आठच्या वर नेलाच पाहिजे असं कोणालाही म्हणत नाही.

वरून या मोठ्या डोसच्या ट्रायल्समध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडणं, औषधवाल्या गटात जास्त दिसलं. ज्यांची धडधड आधीच अनियमित आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर ऑनलाइन डबे मागवून स्वतःच डॉक्टर व्हायचं कामच नाही. काउंटरवर मी हे सांगते तेव्हा उत्तर येतं, "पण हे तर नॅचरल आहे ना ताई." धोतराही नॅचरलच आहे!

जिथं फायदा पक्का आहे ते म्हणजे ट्रायग्लिसराइड. दोन ते चार ग्रॅम ईपीए-डीएचएनं ते चांगले वीस-तीस टक्के खाली येतात, पण ते औषध म्हणून, डॉक्टरच्या चिठ्ठीनं. आणि त्यासाठी बघायचा आकडा साध्या लिपिड प्रोफाइलमध्येच असतो, कितीतरी स्वस्तात.

कॅप्सूलच्या डब्याबद्दलही बोलून घेते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 1000 मिलिग्रॅम. डबा फिरवा, मागे बारीक अक्षरात ईपीए 180, डीएचए 120. म्हणजे कामाचं 300, बाकी 700 मिलिग्रॅम दुसरं तेल. दोन ग्रॅम ओमेगा-थ्री पाहिजे असेल तर असल्या सहा-सात कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील. आमच्या इथं एक जिमवाला पोट्टा आला, सहा महिने रोज एक घेऊन राहिला होता आणि इंडेक्स चारच्या खालीच, म्हणे लॅब चोर आहे. डबा मागवला, हेच 180-120. लॅब कशाला चोर असेल बे, लेबल वाच ना आधी! शाकाहारी लोकांसाठी शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, महाग असतं, पण मासे तरी ते कुठून आणतात, शेवाळातूनच. आणि कॅप्सूलचं वरचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांपासूनचं असतं, चातुर्मासवाल्यांनी बघून घ्यावं. मे महिन्यात कुरियरनं आलेल्या डब्यातली एक कॅप्सूल दातानं फोडून वास घेऊन बघा. हलका माशाचा वास ठीक आहे. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा खवट शेंगदाण्यासारखा वास आला तर तो डबा परत करा, तसलं तेल पोटात घालून काय मिळणार.

रिपोर्टमधलं ओमेगा-सिक्स भागिले ओमेगा-थ्री हे गुणोत्तर बघूनही लोक घाबरतात, आपल्याकडे ते मोठंच येतं. मी त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका म्हणते. भागाकार आहे तो, वरचा आकडा मोठा म्हणून बिघडला की खालचा छोटा म्हणून, ते कळतच नाही. आणि ओमेगा-सिक्स म्हणजे विष असं जे रीलवाले ओरडतात त्यालाही आधार नाही, अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2009 मध्येच सांगितलं होतं की एकूण कॅलरीजच्या पाच ते दहा टक्के ओमेगा-सिक्स हृदयासाठी चांगलंच आहे, कमी करायच्या मागे लागू नका. खालचा आकडा वाढवा, झालं.

त्याच रिपोर्टमध्ये एक ओळ असते ट्रान्स फॅटची, तिच्याकडे कोणी बघत नाही आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. वनस्पती तूप, त्यातली बेकरीची खारी, पॅटिस, तेच तेच तेल तापवून काढलेले समोसे, इथून ते येतं. सरकारनं जानेवारी 2022 पासून तेल आणि वनस्पतीमध्ये ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे आधीपेक्षा बरं आहे, तरी ती ओळ कोणाची जास्त दिसली की मी सरळ विचारते, संध्याकाळी चहाबरोबर काय असतं? उत्तर हमखास निघतं.

मग ही टेस्ट करावी कोणी? माझ्या मते, ज्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त आहेत आणि डॉक्टरनं ओमेगा-थ्रीचं औषध चालू केलंय, त्यांनी ते अंगी लागतंय का हे बघायला. ज्यांचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालंय किंवा फॅट पचत नाही त्यांनी, डॉक्टर म्हणतील तर, आणि त्यांनी इंडेक्स नाही, पूर्ण फॅटी ॲसिड प्रोफाइल. गरोदर बाईनं टेस्ट करण्यापेक्षा सरळ आपल्या डॉक्टरांना डीएचएबद्दल विचारावं. आणि कट्टर शाकाहारी नागपूरकर, जो मासेही खात नाही, कॅप्सूलही घेत नाही, त्याचा आकडा मी न टोचता सांगू शकते, तीन-चारच्या आसपास. त्यानं त्या पैशात बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, एचबीएवनसी आणि लिपिड करावं, वर पैसे उरतील, त्यात मस्त संत्री येतील. केस गळणाऱ्या पोरींनी आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड बघावं, दहापैकी बऱ्याच जणींचं उत्तर तिथंच सापडतं.

मी आता शेवाळाचं डीएचए घेते, तेही रोज नाही, आठवण आली तर, आणि नंतर केलेला आकडा साडेपाचच्या जरा वर आला. काय फरक जाणवला असं विचाराल तर काहीच नाही, गुडघा दुखायचा तो दुखतोच. आमच्या ह्यांनी महिन्यातून दोनदा बर्फातला बांगडा आणायला सुरुवात केली आहे, त्याचा वास घरात दोन दिवस राहतो आणि तो मी सहन करते.

परत टेस्ट करायची तर चार महिन्यांच्या आत येऊ नका, जुन्या पेशी जाऊन नव्या यायला तेवढा वेळ लागतोच, पंधरा दिवस कॅप्सूल खाऊन आलात तर आकडा नीट हललेला दिसणार नाही आणि मग पुन्हा लॅब चोर. लॅब तीच ठेवा, सॅम्पल टाइप तोच ठेवा. आणि येताना कॅप्सूलचा डबा घेऊन या किंवा त्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणा, मी तो फॉर्मच्या कोपऱ्यात पेनानं लिहून ठेवते, कोणती, किती, कधीपासून, आणि शेवटचा समुद्राचा मासा कधी खाल्ला, कारण छापील फॉर्ममध्ये याच्यासाठी रकानाच नाही.